श्रमदान गावाचे, पाणी कुणाचे?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांतली माणसे जलसंधारणाच्या 'वॉटर कप' स्पर्धेसाठी कुदळ-फावडे घेऊन माळावर उतरली. पुढे हे लोण राज्यभर पसरले. काम खोटे नव्हते. अनेक गावांत विहिरींना पाणी चढले. पण चढलेले पाणी कुणी किती उपसायचे, हे बहुतेक गावांनी ठरवलेच नाही. आता ते बोअरची गाडी ठरवते.

सुगी आटोपली की तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या या गाड्या शिवारात शिरतात. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, रात्रभर घरघर चालते, सकाळी आजूबाजूच्या तुरीवर खडकाची राखाडी भुकटी बसलेली असते. दोनशे फुटांवर नाही लागले तर चारशे, तिथेही नाही तर सहाशे. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी धरते ते मुख्यतः वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात. गावाने घाम गाळून जिरवलेले पाणी तिथेच येते आणि खोल बोअर ते खाली ओढते. शेजारची चाळीस फुटी विहीर मग जानेवारीतच तळ दाखवते. याच पाण्याने काही ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली शेततळी भरून उन्हाला वाढून ठेवली जातात, तीही सरकारी अनुदानावर. याला जलसंधारण म्हणणारे धन्य होत!

पाऊसही आता पूर्वीचा राहिलेला नाही. आधी दडी, मग दोन दिवसांत धिंगाणा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याची उभी पिके आणि माती त्यात वाहून गेली. असा पाऊस जिरतो कमी, पळतो जास्त. म्हणजे जमिनीखालची शिल्लक दरवर्षी भरेलच, याची खात्री उरलेली नाही.

वाट माहीत नाही असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळीला नाही म्हटले आणि पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून ग्रामसभेत पिके ठरवली. चर खणण्यापेक्षा हे अवघड, कारण यात भाऊबंदांशी वाकडेपणा येतो. सरपंच कचरतात ते इथेच, आणि ते समजण्यासारखे आहे. निवडणुकीला उभे राहणाऱ्याने बागाईतदाराला नाही म्हणायचे कसे?

म्हणून तर कायदा लागतो. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. त्याच्या तिप्पट खोल जाणाऱ्या गाड्या तहसील कचेरीसमोरून राजरोस जातात. जिल्हाधिकाऱ्यांनी आधी या गाड्या अडवाव्यात. ग्रामसभांनी येत्या रब्बीच्या पेरणीआधी पाण्याचा ताळेबंद फळ्यावर मांडावा, आणि ज्या गावात तो मांडला नाही तिथे जलसंधारणाचा नवा पैसा सरकारने देऊ नये.