सर्टिफिकेट मिळालं, पण सुट्टी कुठे गेली?

शेवटचा पेपर संपतो, कॅन्टीनमध्ये चहा येतो आणि प्रश्न सुरू होतो, "मग, सुट्टीत काय?" उत्तरं ठरलेली असतात. एकजण म्हणतो ट्रेनिंग, दुसरा म्हणतो ऑनलाइन कोर्स, तिसरा गेटचा क्लास लावतो आणि चौथा सरळ सांगतो, "झोपणार!" खरं सांगू? मला तो चौथा आवडतो. तो निदान खोटं बोलत नाही.

मी बोललो होतो. सेकंड इयरच्या सुट्टीत काकांच्या ओळखीने एका कंपनीचं चार आठवड्यांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळवलं. त्या कंपनीत मी एकूण दोनदा गेलो, एकदा फॉर्म द्यायला आणि एकदा सर्टिफिकेट आणायला! बाकीचे दिवस आयपीएल आणि आंबे. पुढे ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "तिथे सीएनसी होतं ना? कंट्रोलर कुठला होता?" मी गप्प. सर हसले आणि मार्क देऊन टाकले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याहून वाईट म्हणजे आईने तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवला होता आणि आलेल्या पाहुण्यांना दाखवत होती. प्रत्येक वेळी मी पाणी प्यायला आत जायचो.

म्हणून थर्ड इयरला ठरवलं की सर्टिफिकेट मिळो न मिळो, जायचं. कोल्हापुरात राहून वर्कशॉप शोधायला लांब जावं लागत नाही. उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांनी ठेवून घेतलं. पगार नाही, दुपारचा चहा त्यांचा. पहिला आठवडा लेथखालच्या चिप्स झाडण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रीमामांनी बेअरिंग हाउसिंगचं बोअर करायला दिलं. बेअरिंग ६२०४, म्हणजे बाहेरचा व्यास ४७ मिमी. ड्रॉइंगवर एच सेव्हन, म्हणजे बोअर ४७.००० ते ४७.०२५ च्या आत पाहिजे. मी चार पीस केले, व्हर्नियर लावला, ४७.०२! एकदम खूश. मामांनी प्लग गेज घेतला. 'नो गो' बाजू आत जायलाच नको होती, ती चारही पिसांत आरामात गेली.

मी म्हटलं, "मामा, व्हर्नियरवर तर बरोबर येतंय."

मामा म्हणाले, "व्हय रं बाळा. पर बेअरिंगला व्हर्नियर वाचाय येतंय काय?"

व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ आणि सगळी सूट ०.०२५. त्या मापनाने हे काम तपासायचंच नसतं, तिथे बोअर गेज लागतो. लीस्ट काउंटची व्याख्या मी दोन पेपरांत लिहून पूर्ण मार्क घेतले होते. पण तिचा अर्थ चार कास्टिंग वाया गेल्यावर कळला. मालक काही बोलले नाहीत. मामा मात्र सुट्टी झाल्यावर तासभर थांबले आणि पाचवा पीस माझ्याकडूनच करून घेतला. तो बसला.

माझं म्हणणं एवढंच आहे. सुट्टी अशा ठिकाणी घालवावी जिथे आपली चूक कुणालातरी महागात पडते आणि ती चूक तोंडावर सांगणारं माणूस असतं. हल्ली पैसे भरूनही इंटर्नशिप मिळते. घरी बसून व्हिडिओ बघायचे आणि सर्टिफिकेट डाउनलोड करायचं. तिथे आपण चुकलो तरी कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून आपलंही काही घडत नाही.

वर्कशॉपच पाहिजे असं नाही. कॉम्प्युटरवाल्यांसाठी २००५ पासून गूगल समर ऑफ कोड आहे. तिथे जगभरातले लोक वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहायचा असतो आणि मेंटर तो न लाजता परत पाठवतो. संशोधनाची आवड असेल तर विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप आहे, दोन महिने शास्त्रज्ञांच्या हाताखाली. पण मित्रांनो, यांचे अर्ज सुट्टी लागायच्या कितीतरी आधी भरावे लागतात. आपण मे महिन्यात जागे होतो तेव्हा उरतात फक्त ओळखीची सर्टिफिकेटं. उन्हाळ्याचा विचार हिवाळ्यातच करायला हवा.

आता दुसरी बाजू. आमच्या वर्गातला एकजण दर सुट्टीत घरच्या शेतात असतो. मोटार जळाली की तोच उतरवतो, तोच बसवतो. त्याच्याकडे कुठलंच सर्टिफिकेट नाही, मग त्याचं ट्रेनिंग झालं नाही का? आणि माझ्याच वर्गातल्या दोन मुली तीन वर्कशॉप फिरल्या. "मुलींची जबाबदारी कोण घेणार?" हे एकच उत्तर सगळीकडे. मला पहिल्याच दारात चहा मिळाला, त्यांना तिसऱ्या दारातही नाही. 'ज्याला इच्छा आहे त्याला संधी मिळतेच' असं छातीठोकपणे लिहायचं होतं, पण ते लिहवत नाही. इथे कॉलेजनेच मध्ये पडायला हवं, मालकांशी बोलायला हवं. आणि सर्टिफिकेटऐवजी रोजची डायरी मागावी. त्यात काय केलं यापेक्षा काय चुकलं हे लिहायचं. ओळखीने सही मिळते, चुका मिळत नाहीत!

सुट्टीचा बेत ठरवताना एकच प्रश्न स्वतःला विचारा, "कागद मिळणार नसेल तरी मी जाईन का?" उत्तर 'नाही' आलं तर जाऊ नका, त्यापेक्षा खुशाल झोपा. फक्त झोपेचं सर्टिफिकेट आईला दाखवू नका.

माझं अजून कपाटात आहे. ते काढून टाकायचं तर आधी तिला सगळं सांगावं लागेल. आता या अंकातच वाचेल.