दुसऱ्यांदा गोळी नको

पन्नाशीतल्या बाईचे पोट फुगते, दोन घास खाल्ले की गच्च होते, ओटीपोट दुखते, लघवीला सारखे जावे लागते. ती औषधाच्या दुकानातून गॅसची गोळी आणते. दवाखान्यात गेलीच, तर ‘पाळी जाण्याचे वय आहे, व्हायचेच’ एवढे ऐकून परतते. अंडाशयाचा कर्करोग या दुर्लक्षातच फोफावतो. ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना तो झाला. बहुतेकींचे निदान होते ते रोग पोटात पसरल्यावर.

लक्षणे नसताना हा रोग हुडकून काढणारी भरवशाची चाचणी आजही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी यांचा अभ्यास झाला. या चाचण्यांमुळे मृत्यू कमी होत नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला. तरीही धडधाकट बायकांच्या ‘हेल्थ पॅकेज’मध्ये सीए-१२५ घुसडलेली दिसते. तो धंदा झाला. पॅप स्मिअर ही चाचणी तर गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी असते. ती नॉर्मल आली म्हणून अंडाशयाची ग्वाही मिळत नाही.

इथला विरोधाभास संतापजनक आहे. कर्करोगाची धास्ती घालून बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये गाजल्या. नको तिथे सुरी चालली आणि खरी शंका घ्यायची तिथे गोळीवर भागवले जाते.

काही जणींनी तर लक्षणांचीही वाट पाहू नये. बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात हा रोग होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. एरवी ती एक-दीड टक्का. हा दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आई-मावशीइतकीच आत्याची आणि वडिलांच्या आईची चौकशी करायला हवी. पण सोयरीक जुळवताना सात पिढ्या उकरणारी आपली घरे आत्या कशाने गेली, हे मात्र ‘पोटाच्या दुखण्याने’ म्हणून झाकून टाकतात. हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीची आई याच रोगाने गेली. दोष आढळल्यावर जोलीने २०१५ मध्ये अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून घेतल्या आणि ते जाहीरपणे लिहिले. हा निर्णय प्रत्येकीचा नसेल. माहिती मात्र प्रत्येकीला हवी.

चाळिशी ओलांडलेल्या बाईची पोट फुगण्यासारखी नवी तक्रार दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्यांदा गोळी लिहू नये. सोनोग्राफीची चिठ्ठी लिहावी. ते लिहीत नसतील, तर तिने ती मागून घ्यावी.