एचसीआर : तीन अक्षरांपाशी थांबलेला तपास

संपादक महोदय,


आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत नव्या सुनांना येणाऱ्या झटक्यांवरचा लेख वाचला. बायका मुळात हळव्या, मनाविरुद्ध घडलं की त्यांना हिस्टेरिया होतो, आणि वैद्यकाला हे हजारो वर्षं ठाऊक आहे, असं लेखक म्हणतात. हजारो वर्षं नेमकं काय ठाऊक होतं, तेवढंच पाहू या.

ग्रीक भाषेत 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. ते अंगभर भटकतं आणि छातीशी आलं की बाईचा जीव घुसमटतो, असं तिथले जुने वैद्य मानत. उपाय काय, तर लग्न आणि बाळंतपण! आपल्याकडचा शब्द योषापस्मार. योषा म्हणजे स्त्री. तपासणीआधीच रोगी कोण हे नावातच ठरलेलं.

आता बाईवरच्या अशा शिक्क्यांचा वापर कसा झाला तेही पाहा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १८५१ च्या कायद्याने बायकोला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला नवऱ्याची विनंती आणि इस्पितळाच्या अधीक्षकाचं मत एवढं पुरे होतं. इतरांसाठी लागणारा वेडेपणाचा पुरावा तिच्या बाबतीत लागत नसे. एलिझाबेथ पॅकार्ड ही धर्मोपदेशकाची बायको, सहा लेकरांची आई. नवऱ्याची धर्ममतं तिला पटत नव्हती आणि ती तसं चारचौघांत बोलली. १८६० साली त्याने तिला जॅक्सनव्हिलच्या इस्पितळात नेऊन टाकलं. तीन वर्षांनी सुटून आली तर घरातल्याच खोलीत कोंडलं, खिडक्यांना खिळे ठोकले. १८६४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. शिलाई मशीनचा विक्रेता म्हणून तिला भेटून गेलेल्या एका डॉक्टरने साक्ष दिली की ती वेडी आहे. त्याच्या कारणांत दोन अशी : निघताना तिने हस्तांदोलन केलं नाही, आणि तिला वेडी म्हटलेलं आवडत नाही. (कोणाला आवडतं?) ज्यूरीला ती शहाणी आहे हे ठरवायला सात मिनिटं लागली. तोवर नवरा मुलांना घेऊन दुसऱ्या राज्यात निघून गेला होता.

हे जुनं झालं म्हणाल, तर लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाची गोष्ट घ्या. १९५५ च्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये तिथले २९२ कर्मचारी आजारी पडले, त्यात नर्स मोठ्या संख्येने. सुजलेल्या गाठी, अंगदुखी, हातापायातली शक्ती गेलेली. २५५ जणांना दाखल करावं लागलं, रुग्णालय काही आठवडे बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० साली, मॅकइव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निर्वाळा दिला की हा सामूहिक हिस्टेरिया होता. त्यांच्या आधारांपैकी एक असा, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. जुने केसपेपर त्यांनी चाळले, पण त्या रुग्णांना भेटायची गरज त्यांना वाटली नाही. मी स्वतः नर्स, त्यामुळे त्यांचा हा निर्वाळा मला जरा जास्तच झोंबतो.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानसूचीतून हिस्टेरिया हे स्वतंत्र निदान काढलं. आपल्या वॉर्डांतून मात्र ते गेलेलं नाही. 'एचसीआर' ही तीन अक्षरं, म्हणजे हिस्टेरिकल कन्व्हर्जन रिॲक्शन, कॅज्युअल्टीत काम केलेल्या कोणालाही विचारा. ती लिहिली की चिमटे काढायचे, अमोनिया हुंगवायचा, आणि नातेवाइकांना सांगायचं, घरी न्या, नाटकं आहेत.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली एक रात्र सांगते. बावीस-तेवीसची मुलगी धापा टाकत आली. सासू म्हणाली, सकाळी भांडण झालंय. तेवढ्यावर एचसीआर लिहून झालं. खोल, एका लयीत चाललेला तो श्वास मला खटकला होता, पण नव्या नर्सचं कोण ऐकणार, म्हणून मी गप्प राहिले. पहाटे दुसऱ्या डॉक्टरांनी साखर तपासली. मधुमेह होता, रक्तात आम्ल साठलं होतं. वाचली, पण अगदी थोडक्यात. भांडण झालं होतं हेही खरंच होतं. भांडण झालेल्या बाईला मधुमेह होत नाही, असं कुठल्या पुस्तकात आहे?

मनाचे आजार खोटे आहेत, असं मी म्हणत नाही. ताणाने पाय खरोखर उचलेनासा होतो, तो पुरुषांचाही होतो, आणि त्यावर उपचार आहेत. पण ते निदान खुणा तपासून करायचं असतं. बाकी काही सापडलं नाही आणि समोर बाई रडतेय, एवढ्यावर नाही. माझी तक्रार शब्दाबद्दल कमी आणि तो लिहिल्यावर थांबणाऱ्या तपासाबद्दल जास्त आहे. घरात 'तिच्या डोक्यावर परिणाम झालाय' म्हणतात तेव्हाही हेच होतं : ती काय म्हणत होती, हे मग कोणी विचारत नाही.

आपल्या देशात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. समाजातल्या प्रचलित नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी एखाद्याचं जुळत नाही, म्हणून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही, असं त्याचं कलम ३ सांगतं. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस वेडा ठरत नाही, तो अधिकार न्यायालयाचा, हेही त्याच कलमात आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हे कलम छापावं, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज