राज्य उभारणीचा डाव: काही शंका, काही उत्तरे

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मुदत ठेवी, वारसनोंद आणि कर्जाचे हप्ते यांभोवती फिरणारी असतात. या खेपेस मात्र 'सिव्हिलायझेशन' नावाच्या संगणकीय खेळाविषयी चार पत्रे आली. तीन तरुण वाचकांची, एक एका मातेचे. निवृत्तीनंतर नातवंडांच्या संगतीने हा खेळ मी बराच खेळलो असल्याने उत्तर देण्याचे धाडस करीत आहे. पहिल्या शंभर फेऱ्यांतच आपण मागे का पडतो, हे तरुणांना जाणून घ्यायचे आहे. मातेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कोणावर चाल न करता, कोणाचे गाव न लुटता हा खेळ शेवटपर्यंत नेता येतो काय? येत नसेल तर तो आमच्या घरात नको, असे त्या लिहितात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो १९९१ मध्ये प्रथम आणला. सहावी आवृत्ती २०१६ ची. सातवीही २०२५ मध्ये निघाली. परंतु आपले पत्रलेखक सहावीच खेळतात, म्हणून पुढील विवेचन तिच्यापुरते समजावे. इ.स.पूर्व ४००० या वर्षी आपल्या हाती एक वसाहतकार आणि एक योद्धा एवढेच भांडवल असते. त्यावर गाव वसवायचे, शेती, विद्या, व्यापार वाढवायचा आणि अवकाशयुगापर्यंत पोहोचायचे. बुद्धिबळाप्रमाणे आपली खेळी झाली की इतर राजांची. मागे घड्याळ लागलेले नसते, त्यामुळे विचाराला अवसर मिळतो.

पहिले गाव कोठे वसवावे, हा प्रश्न तिन्ही पत्रांत आहे. दुकानाची जागा निवडताना आपण रहदारी पाहतो. येथे पाणी पाहावे. नदीकाठच्या गावात आरंभी ५ वस्तीपुरती घरे मिळतात, समुद्रकाठी ३ आणि कोरड्या जागी केवळ २. घरे अपुरी पडली की लोकसंख्येची वाढ मंदावते आणि त्याबरोबर सारेच मंदावते. नदीला आणखीही एक गुण आहे. पुढे तिच्या काठी व्यापारी पेठ वसवली तर प्रत्येक फेरीस २ सुवर्ण अधिक मिळते. मात्र उत्तम जागेच्या शोधात दहा-दहा फेऱ्या भटकणे परवडत नाही. दोन-तीन फेऱ्यांत मनाजोगते सापडले नाही तर जे आहे तेथेच बस्तान बसवावे.

त्यानंतर काय निर्माण करावे? प्रथम एक टेहळ्या, मग एखादा रक्षक आणि त्यानंतर वसाहतकार. नवख्यांचा ओढा येथे भलतीकडे जातो. पडद्यावर पिरॅमिड व झुलत्या बागा दिसतात आणि एकुलते एक गाव वीस-वीस फेऱ्या त्या आश्चर्याच्या बांधकामात गुंतून पडते. तेवढ्यात दुसऱ्या राजाने तेच आश्चर्य आधी पूर्ण केले, तर ते आपल्या हातचे जाते. भांडवल तोकडे असताना संगमरवरी दर्शनी भाग बांधू नये, हे व्यापारी घरातील मुलास वेगळे सांगावे लागू नये. वसाहतकार घडवताना गावाची लोकसंख्या एकाने घटते आणि पुढचा प्रत्येक वसाहतकार आधीच्याहून महाग पडतो. म्हणून विस्तार लवकर करावा. पहिल्या शंभर फेऱ्यांत सहा-सात गावे झाली, तर पुढचा डाव बहुधा सांभाळता येतो. दोन नगरकेंद्रांमध्ये किमान तीन घरे मोकळी सोडावी लागतात. त्याहून फार दूर मात्र जाऊ नये.

आता सुवर्ण. एका तरुणाने अभिमानाने लिहिले आहे की साठाव्या फेरीपर्यंत त्याने आठशे सुवर्ण साठवले आणि तरीही तो हरला. बाळा, तू हरलास यात नवल नाही. या खेळात तिजोरीतील शिलकीवर व्याज मिळत नाही. रोख देऊन वस्तू घेतली तर तिच्या श्रममूल्याच्या चौपट सुवर्ण जाते, म्हणजे ८० श्रमांचा वसाहतकार ३२० सुवर्णाला पडतो. दर चढा आहे हे खरे, पण पडून राहिलेल्या रकमेपेक्षा चाळीस फेऱ्या आधी उभे राहिलेले गाव अधिक मिळवून देते. अडीअडचणीसाठी शे-दीडशे गाठीशी ठेवावे आणि उरलेले फिरते ठेवावे. उलट टोकही तितकेच घातक आहे. सैन्य व इमारती यांचा प्रत्येक फेरीचा खर्च उत्पन्नाहून वाढला आणि तिजोरी रिती झाली, तर सैन्याच्या तुकड्या आपोआप विसर्जित होऊ लागतात. तेव्हा एकूण शिलकीपेक्षा दर फेरीच्या आवक-जावकेकडे लक्ष द्यावे.

आपल्या वाचकांना सर्वाधिक रस वाटेल असा भाग व्यापारी मार्गांचा. 'परदेशी व्यापार' हा टप्पा गाठला की पहिला मार्ग खुला होतो. पुढे पेठ आणि तिच्यातील बाजार उभारले की मार्गांची संख्या वाढते. परक्या नगराशी व्यापार केला तर प्रामुख्याने सुवर्ण मिळते. आपल्याच दुसऱ्या गावाशी केला तर अन्न व श्रम मिळतात. नव्या, दुबळ्या गावाचा पहिला व्यापारी मोठ्या स्वकीय गावाकडे पाठवावा. शाखा स्थिरावेपर्यंत मुख्य पेढीने रसद पुरवावी, तसे हे आहे. शिवाय प्राचीन युगात रस्ते मजूर बांधीत नाहीत, व्यापाऱ्याच्या तांड्यामागे ते आपोआप उमटत जातात. एकदा निघालेला तांडा किमान वीस फेऱ्या मार्ग बदलत नाही आणि वाटेत लुटला गेला तर तो व्यापारीच गमावतो. म्हणून मार्ग ठरवताना नफ्याबरोबर वाटेवरील धोकाही मोजावा.

चैनीच्या वस्तूंचा हिशेब नवखे खेळाडू फारसा पाहत नाहीत. रेशीम, मीठ, मसाले अशी प्रत्येक वस्तू चार गावांना सुखसोयीचा एकेक अंश देते, पण तीच वस्तू दुसऱ्यांदा मिळाली तर त्याचा काडीचाही अधिक लाभ नाही. तो दुसरा नग शेजारी राजास तीस फेऱ्यांच्या करारावर विकावा, किंवा त्याच्याजवळची निराळी वस्तू बदल्यात घ्यावी. देकार देताना प्रत्येक राजाकडे स्वतंत्र चौकशी करावी. भाव सर्वांचे सारखे नसतात.

वसाहतकाराला एकटे पाठवू नये, मजुरालाही नाही. रानटी टोळ्या दोघांनाही पळवून नेतात. त्यांचा टेहळ्या आपले गाव पाहून तळावर परतला की मग धाडी सुरू होतात. त्याच्या डोक्यावर तांबडे उद्गारचिन्ह दिसले तर परतण्याआधीच त्याची वाट अडवावी.

येथपर्यंत आल्यावर मातेच्या प्रश्नाला बगल देता येणार नाही. उत्तर असे की चढाई न करता जिंकता येते, परंतु संरक्षणावाचून जगता येत नाही. विजयाचे मार्ग अनेक आहेत. विद्यापीठे वाढवून उपग्रह, चंद्र व मंगळ गाठणे हा एक. कला, स्मारके व राष्ट्रीय उद्याने यांच्या बळावर जगभरातील प्रवासी आपल्याकडे ओढणे हा दुसरा. पुढील विस्तारात राजनैतिक मार्गाचीही भर पडली आहे. या तिन्हींत दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल ठेवण्याची आवश्यकता नाही. धर्मप्रसाराचाही एक विजय आहे; तो मला रुचत नाही. त्यात प्रचारक परस्परांशी झुंजतात आणि इतरांच्या श्रद्धेस मागे सारणे हेच यश ठरते. याउलट याच खेळातील भारताचा गुण पाहावा. एका नगरात अनेक धर्मांचे अनुयायी असतील तर त्या प्रत्येक धर्माचा लाभ त्या नगरास मिळतो. अनेकान्त मानणाऱ्या घरातील मुलाने भारत निवडावा, असे मी सुचवीन.

तथापि मातेपासून एक गोष्ट लपवू नये. शेजाऱ्याचे तयार नगर बळकावणे हे नवे वसवण्यापेक्षा येथे अनेकदा स्वस्त पडते. इतर राजे त्याचा राग धरतात, पण खेळ ते निषिद्ध मानीत नाही. २०१८ च्या विस्तारात चंद्रगुप्त मौर्य आले आहेत आणि शेजाऱ्यांवर चाल करण्याची सवलत हेच त्यांचे वैशिष्ट्य ठेवले आहे. राज्य त्यागून आचार्य भद्रबाहूंसमवेत श्रवणबेळगोळ येथे गेलेला, सल्लेखना स्वीकारणारा चंद्रगुप्त आपण जाणतो; खेळाने त्याच्या आयुष्याचा पूर्वार्धच तेवढा उचलला. मूल हा डाव खेळत असेल तर उत्तरार्ध घरच्यांनी सांगावा.

प्रत्यक्ष उपाय पुष्कळ आहेत. आरंभीच्या मांडणीत रानटी टोळ्या वगळण्याची सोय आहे आणि लष्करी विजयाचा पर्यायही काढून टाकता येतो. तेवढ्याने इतर राजे शस्त्र टाकतील असे मात्र नाही. दुबळा शेजारी दिसला की ते चालून येतात. म्हणून सीमेवरील गावांना तट बांधावेत. तट असलेले नगर स्वतःच शत्रूवर मारा करू शकते. दोन-तीन धनुर्धारी ठेवावेत. नवा राजा भेटताच २५ सुवर्णाचे शिष्टमंडळ धाडावे, कारण पहिल्या भेटीत ते बहुधा स्वीकारले जाते. पुढे मैत्रीचा जाहीर करार झाला तर तीस फेऱ्या तो आपल्यावर युद्ध पुकारू शकत नाही. मुदत संपण्याची फेरी वहीत टिपून ठेवावी आणि कराराचे नूतनीकरण करावे.

काठिण्याच्या आठ पायऱ्या आहेत. 'प्रिन्स' या चौथ्या पायरीवर संगणकास व आपणास समान वागणूक मिळते. दोन डाव त्याखाली खेळून मग तेथे यावे. मूळ खेळ आधी घ्यावा, विस्तार नंतर, आणि दोन्ही सवलतीच्या दिवसांतच. नेहमीच्या गतीने पूर्ण डाव ५०० फेऱ्यांपर्यंत लांबतो. 'ऑनलाइन' नावाच्या गतीने तो निम्म्यात आटोपतो. परीक्षेच्या महिन्यात तोही नको. जिंकल्यावरसुद्धा 'आणखी एक फेरी' असे बटण पडद्यावर येते, त्याबाबत पालकांनी सावध असावे. खेळ कोणत्याही फेरीस जतन करून बंद करता येतो, तेव्हा जेवणाची हाक आल्यावर डाव अर्धा सोडता येत नाही, ही सबब कोणी ऐकून घेऊ नये.