‘काट देता हूं’ला नाही म्हणा!

वळच्या गोदामांच्या रस्त्यावरून भर पावसात एकदा गाडी चालवून बघा. पुढे कंटेनर, मागे टेम्पो आणि मध्ये किती खोल ते न कळणारा खड्डा. याच रस्त्यावर आमच्या पंधरा वर्षं जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकातून ‘खर्रर्र’ असा आवाज यायला लागला. गॅरेजवाल्याने चाक काढलं, डिस्कमागचा गंजून लोंबणारा पत्रा दाखवला आणि म्हणाला, “इसका कुछ काम नहीं, काट देता हूं.” पाच मिनिटांत आवाज बंद, खर्चही किरकोळ. तरी मी नाही म्हटलं. तुम्हीही म्हणावं, असं मला वाटतं.

या पत्र्याला डस्ट शील्ड म्हणतात. नावात धूळ असली तरी तो पाणी, चिखल आणि खडीही अडवतो. डिस्कच्या बाहेरच्या बाजूला निदान रिमचा आडोसा असतो, आतल्या बाजूला फक्त हा पत्रा. तो गेला की चिखल-वाळू थेट डिस्कवर. मग डिस्कवर चरे पडतात, आतला पॅड लवकर झिजतो. डिस्क ओली झाली की ब्रेक लागायला क्षणभर उशीर होऊ शकतो. पुढे कंटेनर असताना तो क्षण लहान नसतो. तापलेल्या डिस्कची झळ शेजारच्या रबरी बुटांना लागू नये, हेही या पत्र्याचंच काम.

खरं सांगायचं तर पत्रा काढला म्हणून ब्रेक उद्या फेल होत नाहीत. म्हणूनच तर ‘काही काम नाही’ हे वाक्य खपून जातं.

मेकॅनिकचीही बाजू आहे. बऱ्याच गाड्यांत हा पत्रा हबच्या मागे असतो. तो बदलायचा तर कॅलिपर, डिस्क आणि कधी हब-बेअरिंगही उतरवावं लागतं. गंजलेले बोल्ट तुटतात. दाबून बसवलेलं बेअरिंग काढलं की बहुतेकदा नवंच घालावं लागतं. म्हणजे पत्रा स्वस्त, मजुरी महाग. मग काय करायचं? पत्रा नुसता वाकला असेल किंवा मध्ये खडा अडकला असेल, तर डिस्क थंड झाल्यावर तो सरळ करून घ्या. कडा गंजून गळायला लागल्या असतील, तर डिस्क किंवा बेअरिंगचं काम निघेल तेव्हा दोन्ही बाजूंचे पत्रे बदला. लोंबत असेल तर मात्र थांबू नका.

आणि एक लक्षात ठेवा. मागे ड्रम ब्रेक असतील तर तिथल्या पत्र्यावर, म्हणजे बॅकिंग प्लेटवर, ब्रेक शू आणि व्हील सिलिंडर बसवलेले असतात. तिला कात्री लावूच देऊ नका.

१ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवण्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. एवढे भरून गाडी ठेवायची आणि ब्रेकचा पत्रा वाचवायचा, हा कसला हिशेब? आपल्यापैकी अनेकांची पहिली गाडी जुनीच असणार. त्यात लाज नाही. पण जुनी गाडी म्हणजे ‘चालतंय ना, चालू दे’ असं नव्हे. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये ‘काट देता हूं’ ऐकलंत, तर एवढंच विचारा : “नवा टाकायला किती?”