सगळ्यांच्या मनातलं सांगणारा

आपल्या अंकाच्या मराठी विभागातल्या कथा काढून बघा. बहुतेक 'मी'पासून सुरू होतात. मी होस्टेलला आलो, मला मेसची भाजी आवडली नाही, मला ती लायब्ररीत दिसली... याचं थोडं पाप नेमाड्यांच्या 'कोसला'च्या (१९६३) माथी. पांडुरंग सांगवीकर 'मी' म्हणून असा काही बोलून गेला, की होस्टेलमधला प्रत्येक पोरगा स्वतःला सांगवीकर समजूनच पेन उचलतो!

उलट सर्वज्ञ निवेदक, म्हणजे सगळ्या पात्रांच्या मनातलं जाणून सांगणारा, आता म्हणे जुनाट झाला. 'लेखक काय देव आहे का?' असं विचारतात. आमच्या जानेफळला (ता. मेहकर) सप्त्यात कीर्तनकार बुवा द्रौपदीच्या मनात काय चाललं होतं ते सांगतात, लगेच दुर्योधनाच्याही मनातलं सांगतात. 'बुवा, तुम्हाले कसं माहीत?' म्हणून मांडवात कोणी उठून उभं राहत नाही. महाभारतात तर व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी देताना लोकांच्या मनातले विचारही कळतील असा वर दिला होता. तेव्हा ही गोष्ट आपल्याकडे परकी नाही.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. सोयाबीन बुडालेल्या सालातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. बाप बँकेतून हात हलवत येतो आणि घरी सांगतो, 'सायेब भेटले नाहीत.' मायने पोत कधीच गहाण टाकलेली असते, ते बापाला माहीत नाही. पोराचे दोन विषय राहिलेले असतात आणि तो फोनवर म्हणतो, 'सगळं चांगलं आहे.' तिघंही एकमेकांना जपण्यासाठीच खोटं बोलतात. आता ही कथा कोणत्या 'मी'ने सांगायची? पोराने सांगितली तर मायची पोत कथेत येणारच नाही. तिघांचं एकाच वेळी माहीत असलेला कोणीतरी चौथा लागतो, त्याशिवाय वाचकाला ते घर दिसत नाही.

अर्थात मास्टर-की हातात आली म्हणून रेक्टरने रात्री-बेरात्री सगळ्या खोल्या उघडत फिरू नये. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) निवेदक बाहेरचा असूनही कौतिकचा पदर सोडत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांची 'बारोमास' (साहित्य अकादमी पुरस्कार २००४) घ्या. तीही तृतीयपुरुषी, पण एकनाथच्या घरातली भांडणं त्या घरच्याच बोलीत ऐकू येतात. आपल्या अंकातल्या शेतकरी आत्महत्येच्या कथांत मात्र लेखक शेवटच्या रात्री त्या माणसाच्या मनात शिरतो आणि तिथे शेतमालाच्या भावावर भाषण ठोकतो. ते त्या माणसाच्या मनातलं नसतं, पेपरातलं असतं. मेलेला माणूस 'असं नव्हतं' म्हणायला येत नाही, म्हणून मला हे जास्त खटकतं.

इथे म्हाइंभटांची आठवण येते. 'लीळाचरित्र' हे तेराव्या शतकातलं. ज्यांच्या लीळा त्यात आहेत त्या चक्रधरांना महानुभाव 'सर्वज्ञ'च म्हणतात. ते आपल्या मेहकर-लोणारकडेही येऊन गेले. पण त्या सर्वज्ञांबद्दल लिहिणारा स्वतः सर्वज्ञ असल्याचा आव आणत नाही. म्हाइंभटांनी लोकांना विचारून विचारून लीळा गोळा केल्या, आणि एकाच लीळेबद्दल दोघांनी वेगळं सांगितलं तर तोही फरक ग्रंथात नोंदलेला सापडतो. सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग कॉपी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून ठेवावं... असो.

दिवाळीच्या सुट्टीत बरेच जण गावी जातील. पुढच्या अंकासाठी कथा द्यायचीच असेल, तर एखाद्या दुपारी मायजवळ बसून विचारा, की घरातली कोणती गोष्ट तिने बापाला अजून सांगितलेली नाही. मग बापाला वेगळं विचारा. कथेत नावं तेवढी बदला, नाहीतर दिवाळी अवघड जाईल.