पित्त, चष्मा की अर्धशिशी?

शिकत्या वयाच्या मुलाने अथवा मुलीने "डोके दुखते" म्हटले की आपल्या घरांतून त्याचे निदान डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच होऊन गेलेले असते. आजी म्हणते, पित्त उठले. वडील म्हणतात, रात्री वाचून डोळे बिघडले, चष्मा लावा. शेजारच्या काकू सायनसचे नाव घेतात; आणि परीक्षा तोंडावर आली असेल तर थोरले बंधू हसून आणखी एक निदान करतात, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. एखाद्या वेळच्या डोकेदुखीला ही सर्व निदाने चालून जातात. परंतु महिन्यातून तीन-चारदा येणारी, उलट्या करविणारी, दिवसभर अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवणारी डोकेदुखी ही निराळीच वस्तू आहे. तिचे खरे नाव हाती येईपर्यंत विद्यार्थ्याचे एखादे वर्ष सहज वाया जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे "हा सोंग करतो" ही घरातल्यांची समजूत त्याच्या मनात कायमची घर करून बसते.

प्रस्तुत लेखिकेची बी.ए.च्या अभ्यासक्रमातील दोन वर्षे ह्याच शोधात गेली, म्हणून हा विषय मुद्दाम घेतला आहे. प्रथम चष्मा झाला. त्याचा नंबर इतका अल्प होता की तो लावला काय नि न लावला काय, सारखेच. मग नाकाचा एक्स-रे निघाला व सायनसवरची औषधे झाली. एका दवाखान्यात मान वर न करता "टेन्शन" असा शेरा लिहून मिळाला. शेवटी मेंदूचा एमआरआय झाला, त्यात दोष आढळला नाही, आणि "तुम्हाला काहीही झालेले नाही" असे आनंदाने सांगण्यात आले. ह्या वाक्याइतके निराश करणारे वाक्य दुखणाईताला क्वचितच ऐकावे लागत असेल. निर्दोष चित्राचा अर्थ एवढाच की गाठ, रक्तस्राव, सूज असली दुखणी दिसली नाहीत. डोके दुखत नाही, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. पुढे एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका वयस्क फिजिशियनांनी कागदांची ती सारी चळत बाजूस ठेवली आणि नुसते प्रश्न विचारले. केव्हा सुरू होते? किती तास राहते? एका बाजूस की दोन्ही? जिना चढल्यावर वाढते का? उजेड सोसतो का? आईला असे होत असे का? पंधरा-वीस मिनिटांत निदान झाले. ते जुनेच होते : अर्धशिशी.

हा शब्द आपल्या भाषेत फार दिवसांचा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत 'अर्धावभेदक' म्हणून जो येतो तो हाच, असे सामान्यतः मानतात. ग्रीकांचा 'हेमिक्रेनिया' म्हणजेही अर्धे मस्तक; त्याचाच अपभ्रंश होत होत 'मायग्रेन' हा शब्द झाला. दोन दूरच्या देशांतील वैद्यांनी एकाच लक्षणावरून एका दुखण्याचे बारसे करावे, ही गोष्ट भाषांतराचा धंदा करणाऱ्यास मोठी गमतीची वाटते. मात्र नावावर फार विसंबू नये. अर्धशिशी पुष्कळदा दोन्ही बाजूंस दुखते, मुलांत तर विशेषच. आणि "अर्धे नाही, सगळे डोके दुखते" एवढ्यावरून तिला नाकारणे बरोबर नव्हे.

ह्या रोगाचे निदान करणारी रक्ताची तपासणी नाही, की चित्रही नाही. ते होते ते रोग्याच्या हकिगतीवरून. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ मध्ये प्रथम व तिसऱ्या आवृत्तीने २०१८ मध्ये त्याच्या कसोट्या ठरवून दिल्या आहेत. झटके निदान पाच तरी येऊन गेलेले असावेत. औषध न घेतल्यास प्रत्येक झटका चार ते बहात्तर तास टिकावा, लहान मुलांत तो कमीही असतो. एका बाजूस दुखणे, नाडीबरोबर ठणकणे, काम सुचू नये इतकी वेदना, आणि चालण्या-चढण्याने ती वाढणे ह्या चार लक्षणांपैकी दोन असावीत. आणि जोडीला एकतर मळमळ वा उलटी, नाहीतर उजेड व आवाज हे दोन्ही नकोसे होणे. काहींना दुखण्याच्या आधी अर्धा-एक तास डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, किंवा पुस्तकातील ओळीचा एक तुकडाच नाहीसा होतो. मुले घाबरतात आणि सांगत नाहीत. त्यांस मुद्दाम विचारावे.

आता घरगुती निदानांकडे वळू. पित्ताचा समज पडण्यास कारण आहे : झटक्यात उलटी होते व उलटीनंतर पुष्कळांना उतार पडतो. परंतु येथे उलटी हे डोकेदुखीचे कारण नसून तिचाच एक भाग असतो. मोरावळा, आमसुलाचे सार, कपाळावर सुंठ उगाळून लावणे ह्यांना कोणाची ना नाही. ह्या उपायांच्या भरवशावर तीन वर्षे काढावीत, ह्याला मात्र आहे. चष्म्याची गोष्ट अशी की नजरेच्या दोषाने जे दुखते ते बहुधा सौम्य असते आणि वाचून दमल्यावर कपाळाशी जाणवते. त्याने उलट्या होत नाहीत. डोळे तपासून अवश्य घ्यावेत, पण नंबर निघाला म्हणजे शोध संपला असे समजू नये. सायनसचा घोटाळा सर्वांत मोठा आहे. अर्धशिशीच्या झटक्यात नाक चोंदते, डोळ्याला पाणी येते, गाल दुखतो. अमेरिकेत जवळजवळ तीन हजार लोक आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे सांगत होते. त्यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहांपैकी आठांहून अधिक जणांचे दुखणे अर्धशिशीच्या कुळातील निघाले.

कर्नाटकात झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर वर्षभरात अर्धशिशीचा अनुभव आलेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे चारांत एक इतके आढळले. म्हणजे हे दुखणे अपूर्व नाही. आपल्याच घरात आई, मावशी किंवा आत्या ते निमूटपणे सोशीत असण्याचा संभव आहे, कारण ते पुष्कळदा वंशाने येते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक विशेष सूचना. आपल्या मुलाला दुखणे मराठीत कळते, आणि डॉक्टरांना ते हिंदीत, तेलुगूत किंवा इंग्रजीत सांगावे लागते. मराठीत ठणकते, सणक मारते, कळ येते, जड होते, आवळल्यासारखे वाटते असे किती प्रकार आहेत! भाषांतरात त्या सर्वांचे एकच 'दर्द' होऊन बसते आणि निदानाला हवा असलेला भेद नेमका नाहीसा होतो. ठणका ही अर्धशिशीची खूण, तर डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे ही ताणाच्या साध्या डोकेदुखीची. शब्द सापडत नसेल तर मेजावर बोटाने नाडीचा ठोका वाजवून दाखवावा, किंवा दोन्ही हातांनी डोके आवळून दाखवावे. हे कोणत्याही प्रांतात समजते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सहा आठवडे एक साधी वही ठेवावी. तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, बाजू, उलटी, घेतलेली गोळी. आणि आदल्या दिवशीची झोप व जेवण. उपास, चुकलेला नाश्ता, जागरण, क्वचित रविवारची लांबलेली झोपदेखील झटका आणते. आपल्याकडे डोक्यावरून न्हाण्याने दुखणे सुरू होते अशी बायकांची तक्रार असते व तिला कोणी जुमानीत नाही, मुंबईचे डॉ. के. रविशंकर ह्यांनी २००६ साली अशा चौऱ्याण्णव रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली आहे. मुलींनी पाळीच्या तारखाही त्याच वहीत लिहाव्यात. वयात आल्यानंतर हे दुखणे मुलींत मुलांच्या दुप्पट-तिप्पट दिसते आणि पाळीच्या दिवसांशी त्याचा संबंध पुष्कळदा असतो. परंतु वडील शेजारी बसलेले असताना मुलगी ते बोलत नाही. पाच मिनिटे तिला डॉक्टरांशी एकटीने अथवा आईसमवेत बोलू द्यावे. वडिलांनी बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचावे.

काही लक्षणे मात्र वहीची वाट पाहण्यासारखी नसतात. क्षणार्धात शिगेस पोहोचलेली भयंकर डोकेदुखी, तापासह मान ताठणे, फीट, हातापायातील जोर जाणे, बोलणे अडखळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, ह्यांत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पहाटे उलटीसह येणारी व दर आठवड्याला वाढत जाणारी डोकेदुखी, वाकल्यावर डोळ्यांपुढे क्षणभर काळोख, एकाचे दोन दिसणे, ह्यांतही विलंब नको. आपल्या देशात क्षयाचा मेंदूज्वर आणि फीतकृमीच्या अळ्यांनी मेंदूत होणारा विकार हे अद्याप आढळतात, म्हणून कित्येक आठवडे रेंगाळणारा बारीक ताप किंवा घटते वजन ह्यांकडे दुर्लक्ष करू नये. अशा वेळी डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा आतून पाहणे व मेंदूचे चित्र काढविणे आवश्यकच ठरते. एरवी, वर्षानुवर्षे एकाच तऱ्हेने येणाऱ्या आणि मध्यंतरी पूर्ण बरे वाटू देणाऱ्या दुखण्यासाठी कर्ज काढून एमआरआय करण्याची घाई नसावी.

गोळ्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. वसतिगृहातील विद्यार्थी कोपऱ्यावरच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणतो आणि परीक्षेच्या महिन्यात रोज एक घेतो. साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस, अथवा मिश्र गोळ्या दहा दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ चालल्या तर त्या गोळ्यांनीच रोजची डोकेदुखी जडू शकते. मग कोणते दुखणे मूळचे व कोणते गोळीचे हे डॉक्टरांनाही उलगडणे अवघड होते. म्हणून वहीतील गोळ्यांचा रकाना प्रामाणिकपणे भरावा. झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्यासाठी रोज घ्यावयाची निराळी औषधे आहेत. त्यांपैकी प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयरोगाचे. छातीच्या दुखण्यासाठी ते घेणाऱ्यांची अर्धशिशी कमी झाल्याचे १९६६ च्या सुमारास योगायोगाने ध्यानात आले. अशा औषधाचा गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात. दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून ते सोडणारे पुष्कळ आहेत. आपल्या प्रकृतीस कोणते योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. दमा असणाऱ्यास प्रोप्रॅनोलॉल चालत नाही.

निदान झाल्यावर डॉक्टरांकडून रोगाचे नाव स्पष्ट लिहिलेला दाखला घ्यावा आणि वर्षाच्या आरंभीच तो कॉलेजात द्यावा. परीक्षेच्या दालनात झगझगीत दिव्याखालची जागा नको, पाण्याची बाटली व ठरलेली गोळी जवळ ठेवू द्यावी, एवढीच विनंती सोबत करावी. पेपर सकाळचा असेल तर घरातून निघण्यापूर्वी पोटात दोन घास गेले की नाहीत, हे आईने पाहावे.